न लाभणारं लोणचं

"येताना गूळ आणा. पिवळाधमक बघून आणा, काळपट नगं," आत्या म्हणाल्या.

मामांचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर. "परवाच ढेप आणलीया की. परत कशाला?"

"ती खारट लागतीया. लोणच्याला चालायची न्हाई."

"कसल्या लोणच्याला?"

"कैरीच्या. आंबट-गोड."

मी मोरीत कपबश्या विसळत होते. हातातली बशी तशीच धरून मी मागं वळले. मामा दारात उभे, आत्या चुलीपाशी पाठमोऱ्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण मामांनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि निघून गेले. टोपी खुंटीवरच राहिली. तो माणूस टोपी घातल्याशिवाय कधी कोपऱ्यावरसुद्धा गेला नव्हता.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मामा म्हणजे सासरे. रक्ताचं नातं काही नव्हतं, पण आमच्या विट्याकडं सुनांनी असंच म्हणायची पद्धत. मामा एसटीत कंडक्टर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. साधा, अबोल माणूस. जेवताना मीठ कमी पडलं तरी मागायचे नाहीत. आत्या मात्र बोलायला ठसकेबाज, आणि मीही काही कमी नव्हते, त्यामुळे घरात आवाज असायचा तो आम्हा दोघींचाच.

आता लोणच्यासाठी गूळ आणायला सांगितलं यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. तर आमच्या घरात आंबट-गोड लोणचं करत नव्हते. तिखट करायचो, लिंबाचं करायचो, मिरच्या घालायचो. फक्त गूळ घालून कैरीचं करतात ते नाही. ते आमच्या घराला लाभत नव्हतं.

आमच्या भागात हे घरोघरी असतं. कुणाच्या घरी पापड लाटायला बसलेल्या असताना कुणी गेलेलं असतं, मग त्या घरात पापड बंद. कुणाला सांडगे लाभत नाहीत, कुणाला कुरडया. मग त्या बायका आपलं सगळं सामान उचलून शेजारणीकडं नेतात, शेजारीण आपल्या चुलीवर, आपल्या हातानं करून देते, आणि ते आणून सगळे बिनघोर खातात. मी नवी नवरी होते तेव्हा मला याचं भारी हसू यायचं. मी म्हणायची, लोणच्याला काय घरनंबर वाचता येतो होय?

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी हौसेनं म्हटलं होतं, "आत्या, यंदा आंबट-गोड मी करते, माझ्या आईसारखं." आत्यांनी माझ्या हातातली कैरी काढून घेतली आणि परसात भिरकावली. मी फुगून बसले. मग शेजारच्या सिंधूकाकींनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

आत्यांचा पहिला मुलगा चंदर. माझे मिस्टर तेव्हा पाळण्यात होते आणि रजनी वन्संचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, तर जन्मही झालेला नव्हता. चंदर शाळेत जाऊ लागला होता. एका उन्हाळ्यात आत्यांनी हे लोणचं घातलं. आत्यांच्या लोणच्याचं तेव्हा मोठं नाव होतं, गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन यायच्या म्हणे. संध्याकाळी चंदर मामांच्या बहिणीकडून, अक्काकडून, आला तो भूक भूक करत. आत्यांनी त्याला गरम चपाती दिली आणि कढईतलंच कोमट लोणचं वाढलं. रात्री त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. सकाळी बैलगाडीत घालून दवाखान्याकडं निघाले, पण पोर वाटेतच संपलं. आजेसासूबाईंनी लोणच्याची बरणी उकिरड्यावर नेऊन फोडली आणि सांगितलं, "हे लोणचं या घराला लाभत न्हाई. पुन्यांदा करायचं न्हाई."

लाभत नाही म्हटलं की बाकीच्यांचं समाधान होतं. कुणाची चूक नाही, कुणाला बोल नाही. पण जिनं आपल्या हातानं वाढलं तिचं कसं व्हायचं? आत्यांनी त्यानंतर गोड आणि आंबट एकत्र म्हणून कधी तोंडात घातलं नाही. चिंच-गुळाची आमटीसुद्धा नाही. हे कळल्यावर मी माझी जीभ आवरली, आणि आमच्या घरात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

निघाला तो रजनी वन्संमुळं. त्यांचं पहिलं राहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि उलट्यांनी त्यांचं पार चिपाड झालं, तेव्हा सासरच्यांनी तिसऱ्या महिन्यातच आणून आमच्याकडं ठेवलं. पाणी प्यायलं तरी उलटून पडायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जे खावंसं वाटेल ते द्या, पण पोटात राहिलं पाहिजे. हे असंच चाललं तर कठीण आहे, पहिल्यासारखं व्हायचं."

आणि वन्संना काय खावंसं वाटावं? आंबट-गोड लोणचं!

आम्ही रीतीप्रमाणं कैऱ्या आणि गूळ सिंधूकाकींकडं दिला. त्या माउलीनं दोन दिवसांत करून दिलं. वन्संनी एक फोड तोंडात घातली आणि मोरीकडं पळाल्या. दुकानातली बाटली आणली, तिचीही तीच गत.

"हे नव्हे गं," वन्सं भिंतीला टेकून रडायलाच लागल्या. "मावशी सांगते, आईच्या हातचं लोणचं चाटून पुसून खायचे सगळे. आख्ख्या जगानं खाल्लं, मीच नाही खाल्लं. आई, मला तू केलेलं पाहिजे."

"आगं, मला येत न्हाई आता," आत्या म्हणाल्या.

"येतं तुला. तू देत नाहीस."

आत्यांची पार कोंडी झाली. डोहाळे पुरवले नाहीत तर पोटातल्या जिवाला बाधतं, हेही त्या मानत होत्या, आणि लोणचं केलं की घरातलं कुणीतरी जातं, हेही. दोन्ही तितक्याच मनापासून. दोन दिवस त्या घासभर जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून देवापुढं बराच वेळ बसल्या आणि उठल्या त्या मामांना गूळ आणायला सांगायलाच.

मामा गेल्यावर आत्यांनी कैऱ्या धुतल्या, पुसल्या, विळी घेऊन बसल्या. मी पाट ओढून शेजारी बसायला गेले.

"तू नगं बसू," त्या म्हणाल्या. "पोराला घे आणि सिंधूच्यात जाऊन बस."

"का बरं?"

"तुला पोर हाय."

"आत्या, कैरी आहे ती. बाँब नाही."

मला वाटलं होतं, हसतील, निदान एक शिवी तरी देतील. त्यांनी मान वर केली. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"शालन, मी देवाला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "काय न्यायचं आसंल तर मला ने. आता दुसऱ्या कुणाला हात लावू नगं. पण त्यो माझं ऐकतोय व्हय? चंदरच्या येळंला बी असंच म्हटलं हुतं."

मी पोराला उचलून सिंधूकाकींच्या स्वाधीन केलं आणि परत येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं, पण हाकललं नाही. त्यांनाही कुणीतरी जवळ हवं असावं.

इतक्या वर्षांनी करत होत्या, पण हात काही विसरले नव्हते. साल काढून एकसारख्या फोडी केल्या, हळद-मीठ लावून बाजूला ठेवल्या. मेथ्या तेलात लालसर तळल्या, चार लवंगा भाजल्या, मोहरी भरडली. करताना तोंडानं काहीतरी पुटपुटणं चालू होतं. मी आधी समजले जप करताहेत. मग कान दिला तर त्या स्वतःलाच सांगत होत्या, "मीठ झालं. हळद झाली. भांडं कल्हईचं हाय. पळी कोरडी हाय." जणू कुणी नंतर जाब विचारणार होतं.

मामा केव्हा आले ते आम्हाला कळलंच नाही. मी पाणी घ्यायला उठले तर बाहेरच्या खोलीत खाटेवर बसलेले, गुळाची पिशवी मांडीवर घेऊन. मी हात पुढं केला तरी पिशवी देईनात.

"मामा, गूळ."

"करायलाच लागली व्हय ती?"

"झालंच. गुळासाठी थांबल्यात."

त्यांनी पिशवी दिली. त्यांचा चेहरा मला आजारी माणसासारखा वाटला. उन्हातून आलेत म्हणून मी पाणी दिलं, तर तांब्या तसाच खाली ठेवला.

आत्यांनी फोडी परतून घेतल्या आणि गूळ चिरून घातला. गूळ विरघळला, रस सुटला, आणि मग असा काही वास सुटला म्हणता! गुळाचा, मेथीचा, कैरीचा, सगळा मिळून. पोटात पोर नसतानाही माझ्या तोंडाला पाणी सुटलं. वरून हिंगाची चुरचुरीत फोडणी बसली आणि आतल्या खोलीतून रजनी वन्सं भिंत धरत धरत आल्या. हातात ताटली, ताटलीत सकाळची चपाती.

"आई, दे."

आत्यांनी पळी भरली. उचलली. आणि तिथंच थांबली ती. पळीतला रस कढईत परत टपटपू लागला.

"आजून मुरायचं हाय," आत्या म्हणाल्या.

"नसू दे मुरलेलं. कढत दे."

"उद्या देते."

"आई, कालपासून पोटात काही नाही माझ्या." वन्संचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "एवढं केलंस ते कुणासाठी केलंस मग?"

आत्यांनी पळी खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पण हात पुढं होईना. इतकं धाडस करून, जिवावर उदार होऊन केलेलं लोणचं, आणि लेकीच्या ताटात वाढायची वेळ आली तेव्हा त्यांच्यानं वाढवेना. मी म्हटलं, "मी वाढते," तर मला मनगटाला धरून त्यांनी मागं ढकललं.

"दे तिला."

मामा दारात उभे होते.

"लोणच्यानं काय झालं न्हवतं," ते म्हणाले. "दे तू."

"तुम्हास्नी काय म्हाईत?"

"म्हाईत हाय." ते उंबरा ओलांडून आत आले आणि भुईवरच बसले, भिंतीला पाठ लावून. "चंदरला मी जत्रंला नेलं हुतं त्या दिवशी."

आत्या त्यांच्याकडं वळल्या.

"तुमच्या अक्काकडं नेलं हुतं," त्या म्हणाल्या. "अक्काकडं नेतो म्हणालासा."

"म्हणालो. तू जत्रंला नेऊ नगं म्हणाली हुतीस. तिकडं पटकीची साथ हाय म्हणून सगळीकडं बोलणं हुतं. पर माझी ड्युटी जत्रंच्या जादा गाडीवर लागली आणि पोरगं पाठ सोडंना. म्हटलं, काय हुतंय. गाडी कराडहून सुटायची, आपल्या वळखीचं कोण न्हवतं गाडीत. नेलं. तिथं बर्फ खाल्ला त्यानं. तिथलं पाणी पिलं. त्या जत्रंतनं आलेली आणखी माणसं गेली त्या आठवड्यात. मला डेपोत कळलं. अक्काला मीच गप ऱ्हा म्हणून सांगितलं."

कढईत बुडबुडे येत होते, मी उठून खालचा जाळ ओढला.

"सासूबाईंनी बरणी फोडली," आत्या म्हणाल्या, "तवा तुम्ही हुतासा की तिथं."

"हुतो."

"मी उकिरड्यापाशी बसून माझे हात दगडावर आपटत हुते. तवा बी हुतासा. तुम्हीच माझे हात धरलंसा."

"तोंड उघडंना गं." मामांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आज सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायलो. आईनं लोणच्याचं नाव घेतलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि मी सुटलो. मग तू गप झालीस. मला वाटलं, इसरलीस."

मला असा संताप आला! लग्न झाल्यापासून त्या माणसाला मी कधी उलटून बोलले नव्हते. माझ्या बाळंतपणात रात्र रात्र माझ्या पोराला खांद्यावर घेऊन फिरलेला माणूस. चांगला माणूस हो, कुणीही सांगेल. पण त्या घटकेला वाटलं, दंडाला धरून बाहेर काढावं त्याला. आत्या इसरल्या म्हणे! जिनं चिंच-गुळाची आमटी तोंडात घातली नाही ती इसरली?

रजनी वन्सं ताटली घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांच्याकडं आत्यांचं लक्ष गेलं. त्यांनी पळी उचलली आणि लोणचं वाढलं, एकदा, दोनदा, ताटलीतून ओघळेपर्यंत. वन्सं उभ्याउभ्याच खायला लागल्या. रडत होत्या आणि खात होत्या. बोटं भाजत होती तरी थांबल्या नाहीत. आम्ही वाट बघितली, पण त्या मोरीकडं गेल्या नाहीत. ते पोटात राहिलं. त्या दिवसापासून त्यांना अन्न लागू पडलं, आणि दसऱ्याच्या सुमाराला त्यांना चांगली गुटगुटीत मुलगी झाली.

पण मला सांगायचं आहे ते त्यापुढचं. मी आत्यांच्या तोंडाकडं बघत बसले होते. म्हटलं, आता या बाईचा भडका उडणार. एवढ्या ठसक्याची बाई, साधं दूध उतू गेलं तरी घर डोक्यावर घेणारी. ती आता काय करील या माणसाचं?

आत्यांनी कढई उतरवली. झाकण ठेवलं. पदरानं हात पुसले, अगदी सावकाश, एक एक बोट. मग त्या मामांच्या समोर जाऊन मांडी घालून बसल्या.

"गाडीत कुठं बसला हुता?" त्यांनी विचारलं.

मामांना कळलं नाही. "कोण?"

"चंदर. जाताना गाडीत कुठं बसला हुता?"

"माझ्याजवळ. पुढच्या शिटावर, खिडकीला."

"पंच दिलासा त्याला?"

"दिला. सगळ्या गाडीची तिकिटं त्यानंच पंच केली. बोटं दुखाय लागली तरी हातातनं सोडंना. एक म्हातारी त्याला कंडक्टरसायब म्हणाली, तर ही अशी मान ताठ केली."

मामांनी मान ताठ करून दाखवली. आत्यांच्या ओठांवर हसू आलं. खरंच आलं, मी पाहिलं.

"बर्फ कसला घेतला?"

"लाल."

"पाळण्यात बसला?"

"दोनदा. दुसऱ्यांदा उतरायलाच तयार न्हवता."

"भ्याला न्हाई?"

"छ्या. वरनं मला हाका मारत हुता. नावानं! दत्तू दत्तू म्हणून. लोक हसाय लागलं."

आत्या हसल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, अक्काच्या दारात एकटंच बसलं आसंल. तिच्या घरात खेळाय पोरं न्हवती. दिवसभर कटाळून गेलं आसंल, म्हणून आल्या आल्या भूक भूक केलं. इतकी वर्सं मी त्याला तिथंच बसवलाय, त्या दारात."

मामा हुंदके द्यायला लागले. मी त्या घरात आल्यापासून त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"लोणच्याचं ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाल्या. "लोणच्याचं मी सोसलं. पर पोरगं दिवसभर हसलं हुतं, एवढं तरी सांगायचं हुतं मला."

मला आजही जीव तुटतो तो याच वाक्यानं. दोघंही आता नाहीत. एका घरात, एका ताटाच्या अंतरावर दोघं जेवली इतकी वर्षं. तिच्याजवळ नुसता पोराचा शेवट होता, आणि त्याच्याजवळ आख्खी दुपार होती. ती वाटून घ्यायची राहिली. वाईट वाटतं हो, फार वाईट वाटतं.

आत्यांनी डोळे पुसले आणि परत विचारू लागल्या. अंगात कुठला सदरा होता, त्या म्हातारीनं आणखी काय विचारलं, पिपाणी घेतली का, कुणाच्या खांद्यावर बसून देव बघितला. मामा सांगत होते. काही पटकन सांगत होते, काही अडखळत. सदऱ्याचा रंग त्यांना सांगता आला नाही. आत्या म्हणाल्या, "निळा आसंल, निळाच हुता त्याच्याकडं बरा," आणि पुढं गेल्या.

"परत येताना काय बोलला?"

"झोपला हुता, बहुतेक."

"बहुतेक?"

"सुरुवातीला जागा हुता." मामांनी डोळे पुसले. "मी त्याला समजावत हुतो, घरी आईला जत्रंचं सांगायचं न्हाई म्हणून. तवा तुझं नाव घेऊन काहीतरी म्हणाला हुता."

"काय म्हणाला?"

"माझं ध्यान तिकिटाच्या हिशेबात हुतं."

"काय म्हणाला?"

"आठवत न्हाई गं."

"आठवा," आत्या म्हणाल्या.

मामांनी डोळे मिटून घेतले. आत्या त्यांच्या तोंडाकडं बघत पुढं वाकून बसल्या होत्या. पण मामांना ते आठवलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढं जी काही वर्षं ते होते त्यांतही नाही.